शटर त्यांचं, मॉल त्यांचा, पाठ आमची

बाजारपेठ धोक्यात आहे म्हणे. कोणाची?

तालुक्याच्या गावाला बायपास होतो. बायपासला लागून असलेलं कुणाचं तरी वावर बिनशेती होतं. पत्र्याचं कुंपण पडतं, जेसीबी लागतो, आणि बघता बघता तिथं काचेचं, एसीचं, दोन मजली दुकान उभं राहतं. मिठापासून मोबाइलपर्यंत सगळं एका छपराखाली. मग मेनरोडवरच्या किराणा-भुसार, कापड आणि भांडीवाल्यांच्या असोसिएशनला घाम फुटतो. बॅनर लागतात. आपलं गाव, आपला दुकानदार. स्थानिकांना वाचवा. बंदची हाक दिली जाते. आणि हाक दिली की माणसं लागतात. ती कुठं मिळतात? भीमनगरात, अण्णाभाऊ साठे नगरात, वडारवाडीत, कुरेशी मोहल्ल्यात. घोषणा द्यायला, टायर जाळायला, पोलिसांची काठी खायला आणि केस अंगावर घ्यायला आपली पोरं. निवेदन द्यायला आणि साहेबांबरोबर फोटो काढायला शेटजी. श्रमविभागणी कशी चोख आहे बघा.

आमच्या गावात हेच झालं. असोसिएशनची चार माणसं वस्तीत आली, समाजमंदिरात बसली. चहा आला तर एकाने नुकताच घेतलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्याला ऐन वेळी शुगर निघाली. म्हणाले, "तुम्ही आमचेच. आपण सगळे एक." ज्या मेनरोडच्या एकाही गाळ्यावर पिढ्यानपिढ्या आमच्यातल्या कुणाचं नाव लागलं नाही, त्या मेनरोडसाठी आम्ही एका दुपारीत एक झालो! पोरं गोंधळली. काही म्हणाली, परदेशी-देशी भांडवलदारांविरुद्ध लढा आहे, उतरलं पाहिजे. काही म्हणाली, मरू द्या साल्यांना, मॉल येऊ द्या, निदान एसीत तरी फिरू. दोस्तांनो, या दोन्ही उत्तरांत आपण नाही. एकात आपण शेटजीचे शिपाई आहोत, दुसऱ्यात कंपनीचे गिऱ्हाईक. आपण आपले कधी होणार, हा माझा सवाल आहे.

बाजार म्हणजे काय, हे आधी इतिहासाला विचारू. पांढरपेशांच्या लेखनात गावचा बाजार म्हणजे मायेचा पदर असतो. शेंगदाण्याचा वास, ओळखीचा दुकानदार, पोरांच्या हातावर ठेवलेली गुळाची ढेप. हा गूळ आमच्या हातावर कुणी ठेवला नाही. ठेवला असला तर वरून टाकला.

महाडचं चवदार तळं आपल्याला पाठ आहे. महाडचा बाजार पाठ नाही. मार्च १९२७ च्या परिषदेला पिण्याचं पाणीसुद्धा स्पृश्यांकडून ४० रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. तळ्यावर पाणी फुकट, पण ते आम्हाला चालत नाही. तेच विकत घेतलं तर चालतं. धर्माचं गणित पैशात असं फिटतं. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला सत्याग्रहासाठी निघाले तेव्हा मांडवाला हिंदूंची जागा मिळेना. जागा दिली ती एका मुसलमानाने. आणि महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेशी कसलाही व्यवहार करायला नकार दिला. दहा दिवस पुरेल एवढं धान्य आणि सामानसुमान बाहेरगावाहून आणावं लागलं. म्हणजे तळ्यावर पहारा भटजीचा होता, तर धान्याच्या कोठारावर पहारा शेटजीचा होता. हे दोघे वेगळे आहेत असं ज्याला वाटतं त्याने सत्यशोधकांची जुनी भाषा पुन्हा वाचावी. त्यांनी ही दोन नावं उगाच जोडून उच्चारली नव्हती.

हा एका गावाचा हट्ट नव्हता. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या परिस्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालात गावगाड्याच्या हत्यारांची यादी आहे. जमिनी काढून घेणं, वाटा बंद करणं, आणि त्यातच गावच्या वाण्याने जिन्नस विकायचं बंद करणं. म्हणजे वाण्याचं दुकान हे नुसतं दुकान नव्हतं, ते जातीचं शस्त्रागार होतं. शटर खाली ओढलं की आमची चूल विझत होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं तेव्हा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी करताना त्यात व्यवहार नाकारणं, काम नाकारणं, धंदा नाकारणं हे सगळं घातलं. ज्या माणसाला रुपयाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिता येत होता, त्याला माहीत होतं की रुपया हातात असून उपयोग नाही, समोरच्याने तो घेतला पाहिजे.

पुढं काय झालं? १९७२ साली बावड्याला बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडला. ज्या संतापातून पँथर उठली त्यातला एक निखारा बावड्याचा होता. २०१५ साली अॅट्रॉसिटीच्या कायद्यात दुरुस्ती करून आर्थिक आणि सामाजिक बहिष्कार गुन्ह्यांच्या यादीत नावानिशी घालावा लागला. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला बहिष्कारविरोधी वेगळा कायदा करावा लागला, मुख्यतः जातपंचायतींच्या छळामुळे. कायदे कधी होतात? रोग गेल्यावर होत नाहीत, रोग हटत नाही म्हणून होतात. २००६ साली ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर एक पुस्तक निघालं, ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवर. त्यात सुमारे ३५ टक्के गावांत दलितांना स्थानिक बाजारात माल विकता येत नव्हता, आणि दूध संस्था असलेल्या गावांपैकी सुमारे ४७ टक्के गावांत आपलं दूध घेतलं जात नव्हतं. म्हैस आपली, चारा आपण कापलेला, धार आपण काढलेली. पण दुधाला हात आपला लागला ना! दूध पांढरं असतं असं कोण म्हणतं?

आता हाच बाजार आपल्याकडे बघून 'स्थानिक' म्हणतोय. स्थानिक म्हणजे कोण रे? माझा बाप तीस वर्षं भुसार लाईनीत हमाल होता. क्विंटलची पोती त्याच्या पाठीवरून ट्रकातून गोदामात आणि गोदामातून ट्रकात गेली. त्याच्या पाठीवर जो घट्टा पडला होता तो गावातल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीपेक्षा जुना. तो स्थानिक होता की नाही? बाजार समितीच्या १८ जणांत हमाल-तोलारांची जागा १, व्यापाऱ्यांच्या २, आणि बाकीच्या जागांवर सोसायट्या नि ग्रामपंचायती हातात असलेली गावोगावची पुढारी मंडळी. बाप म्हणायचा, आपल्याला बाजारात जागा आहे, पोत्याखाली.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत, बाबा आढावांनी पुण्यात हमालांना उभं केलं म्हणून हमाल माणसात आला. हे कुण्या व्यापाऱ्याच्या मायेने झालेलं नाही. तालुक्याच्या गावात तो कायदा कितपत पोचला ते आपल्या वस्तीतल्या कुठल्याही हमालाला विचारा. तो आधी हसेल, मग विडी पेटवेल.

आणखी एक हिशेब. साखळी दुकान छोट्या माणसाचा धंदा गिळतं, हे असोसिएशनला आत्ता कळलं. आम्हाला पिढ्यांपूर्वी कळलेलं आहे. बाटा कंपनी १९३१ साली हिंदुस्थानात आली. कारखाना कलकत्त्याकडे, पण दुकानं गावोगाव. एकच पाटी, एकच भाव, एकसारखा बूट. साखळी म्हणतात ती हीच. त्या साखळीने ढोर-चांभाराचा गळा कसा धरला ते वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा. पायताण बनवणारा कारागीर चौकात पेटी घेऊन बसला आणि बाटाच्याच बुटाला पॉलिश मारायला लागला. तेव्हा मेनरोड कुणी बंद ठेवला होता? मांगाचा दोरखंड गेला तो नायलॉनने. बुरुडाची सुपं-टोपली गेली ती प्लास्टिकने. कुंभाराचा रांजण गेला, घिसाड्याचा विळा-कोयता गेला. आणि ही नायलॉनची दोरी, प्लास्टिकचं सूप, कारखान्याचा विळा गावात विकला कुणी? याच स्थानिक दुकानदाराने. मोठ्या भांडवलाचा माल गावात शिरला तो याच्या काउंटरवरून. आमचे धंदे मरत असताना तो मयताचं सामान विकत होता. आता मोठ्या भांडवलाला त्याचं काउंटर नको झालं, ते थेट आलं, तर याला रडू फुटलं. दलाली तुटल्याचं दुःख आणि पोट तुटल्याचं दुःख, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

२०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कुरेशी बसले, कातडं बसलं, भाकड जनावर विकून पोरीचं लग्न करणारा छोटा शेतकरीही बसला. हीदेखील स्थानिक बाजारपेठच होती की! किती असोसिएशननी शटर ओढलं? २०२५ साली प्राडा नावाच्या इटलीच्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या झगमगाटात दाखवली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची अस्मिता दुखावली. कोल्हापुरीचा मान गेला, मान गेला! चप्पल अस्मितेची झाली, पण ती शिवणाऱ्याची जात मात्र अजून चांभाराचीच. त्याला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा किती पैसा त्याच्या आरीपर्यंत आला, हा प्रश्न अस्मितेच्या सभेत कुणी विचारला नाही.

एवढं झाल्यावर एखादा पोरगा म्हणेल, मग मॉलच बरा.

त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. त्यात जोर आहे. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना कुणी जात विचारत नाही. माल आपल्या हाताने घ्यायचा, फिरवून बघायचा, नको असेल तर परत ठेवायचा. भाव छापलेला, माणूस बघून बदलत नाही. माझ्या आजीला दुकानाच्या फळीबाहेर उभं राहावं लागायचं, पैसे खाली ठेवायचे, पुडी वरून यायची. त्या आजीच्या नातीने तांदळाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून तांदूळ बघितला, ही गोष्ट छोटी नाही. ज्याला छोटी वाटते तो कधी फळीबाहेर उभा राहिलेला नाही. बाबासाहेबांनी खेड्याची आरती कधी ओवाळली नाही, शहराकडे चला म्हणाले, त्याचं कारण हेच होतं. गर्दीत माणूस जातीपासून थोडा लपतो.

पण लपणं म्हणजे मुक्ती नव्हे. आणि ट्रॉलीचं लोकशाहीपण पाकिटाएवढंच असतं. आमची आई रोजंदारीवरून येताना वीस रुपयांचं तेल, दहाची साखर आणायची. मॉल वीस रुपयांचं तेल विकत नाही. तिथला स्वस्तपणा पाच लिटरच्या डब्यात, दोनावर एक फुकटात असतो. म्हणजे स्वस्त घ्यायला आधी पैसेवालं असावं लागतं. शेटजीची उधारी हा फास होता, व्याज लावून तो आमचं पुढच्या मोसमाचं कामसुद्धा आजच विकत घेत होता, खरं आहे. पण पावसाळ्यात काम नसलं की फासाच्या त्या दोरीलाच धरून लोक जगले. मॉल फासही देत नाही आणि दोरीही देत नाही. दारातला गार्ड फक्त पिशवी बघतो.

आणि तो गार्ड कोण आहे? आपलाच पोरगा आहे. ढुंगणावर निळी पँट, खांद्यावर खोटी फीत, पगार एजन्सीकडून. पोछा मारणारी कोण? आपली बाई, ठेकेदाराकडून. गोदामात खोकी चढवणारे कोण? आपले. माझी चुलतबहीण अशाच एका दुकानात लागली. बी.कॉम. झालेली पोर. मुलाखतीत आडनाव विचारलं, मग राहायला कुठं विचारलं, मग पाठीमागं पॅकिंगला टाकलं. तिच्याबरोबर लागलेल्या, बारावी झालेल्या, दुसऱ्या आडनावाच्या पोरीला काउंटरला बसवलं. कारण सांगितलं, पर्सनॅलिटी. आमच्या काळजाला हा शब्द ओळखीचा वाटतो. जुन्या भाषेत त्याला विटाळ म्हणायचे.

एका पोरीवरून बोलतोय असं वाटेल, म्हणून आकडे घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. दलित नावाच्या अर्जदाराला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने दोन तृतीयांश. नुसत्या नावाचा हा दंड! आणि वर काय आहे? देशातल्या हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची २०१० सालची स्थिती तपासणारा अभ्यास २०१२ साली आला. ९३ टक्क्यांच्या आसपास संचालक तथाकथित उच्च जातींचे. दलित-आदिवासी मिळून साडेतीन टक्के. मेनरोडवर गल्ल्यावर जो बसतो आणि मुंबईत कंपनीच्या बोर्डावर जो बसतो, ते दोघे एकमेकांशी भांडत असतील, पण जातीच्या उतरंडीत त्यांची पायरी एकच आहे. भांडण पायरीचं नाही, गल्ल्याच्या आकाराचं आहे.

कंपनीला जात नसते, फक्त नफा असतो, असं सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांना मुंबईच्या गिरण्या आठवून द्याव्यात. गिरणी म्हणजे त्या काळची सगळ्यात आधुनिक कंपनी. वाफेचं यंत्र, विलायती माग, शेअर बाजार, सगळं होतं. पण विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. का? तर तुटलेला धागा जोडताना तोंडात धरावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीने माग बाटेल! मग जास्त पगाराचं खातं सवर्णांना, कमी पगाराचं आम्हाला. यंत्र इंग्लंडहून आलं, पण ते चालवायची परवानगी मनुस्मृतीकडूनच घ्यावी लागली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हेच विचारलं होतं, तुमच्या मागण्यांच्या यादीत हा अन्याय कुठं आहे? आजचं काउंटर आणि आजचं गोदाम म्हणजे तेच विणकाम खातं आणि तेच कमी पगाराचं खातं. धागा दिसत नाही, एवढंच. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतला वेगळा ताफा जाहीर केला. ओरड झाली तसा हिरवा गणवेश दुसऱ्या दिवशी मागे घेतला, वेगळा ताफा ठेवला. मोबाइलमध्ये सुद्धा सोवळं शिरतं बघा. त्याला चार्जिंग लागत नाही.

राजकारण्यांचं काय? २००७ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने रिलायन्स फ्रेशची दुकानं बंद करायचा हुकूम काढला. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्राने बहुविध मालाच्या दुकानांत ५१ टक्के परदेशी भांडवलाला दार उघडलं. दहा लाखांवरच्या वस्तीची शहरं, आणि राज्याची मर्जी, अशा अटी. २० सप्टेंबरला भारत बंद झाला. भगवे आणि लाल एकाच दिवशी रस्त्यावर. डिसेंबरात संसदेत मतदान झालं तेव्हा बहुजन समाज पक्षाने लोकसभेत सभात्याग केला आणि राज्यसभेत सरकारच्या बाजूने मत टाकलं. यात बरोबर काय नि चूक काय हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा, की या पाच वर्षांच्या झटापटीत हमालाचं काय, पाटीवालीचं काय, दुकानातल्या पोऱ्याचं काय, हा प्रश्न मतदानाला आलाच नाही. शेवटी २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा घेतला. दारात अडवलेला पाहुणा खिडकीतून आला आणि माजघरात बसला. २००१ साली सुरू झालेलं बिग बझार कर्जात बुडालं, २०२२ साली त्याच्या पुष्कळ जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या. छोट्या दुकानांना गिळायला आलेलं दुकान स्वतःच गिळलं गेलं. भांडवलाची भूक अशी असते. तिला देशी-विदेशी कळत नाही, तशी तुमची-आमची गयावयाही कळत नाही.

म्हणून कंपनीच्या बाजूने टाळ्या वाजवणारा माझा मित्र नाही. पण त्यामुळे असोसिएशन माझी मित्र होत नाही.

इथं एक फरक करा, नाहीतर घोटाळा होईल. मेनरोडवरचा ठोक व्यापारी वेगळा आणि गल्लीतला टपरीवाला वेगळा. साखर साठवून भाव चढवणारा वेगळा आणि नवराबायको मिळून सोळा तास दहा बाय दहाची टपरी चालवणारा शिंपी, तेली, मोमीन, विधवा बाई वेगळी. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात अनुसूचित जाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे शोषित घेतले होते. टपरीवाला त्यात बसतो. तो आपला माणूस आहे, त्याला ते अजून माहीत नसलं तरी. पण असोसिएशनमध्ये त्याला खुर्ची असते का? त्याच्याकडून फक्त वर्गणी घेतात.

आणि रस्त्यावरची आपली माणसं तर या दोघांच्या मध्ये चेंगरलीत. भाजीची पाटी घेऊन बसणारी आत्या, अंडाभुर्जीची गाडी, चिकनचं दुकान, मोबाइल दुरुस्तीचं टेबल, जयंतीला निळे झेंडे आणि मूर्ती विकणारा पोरगा. मॉल यांचं गिऱ्हाईक पळवतो हे खरं. पण आमच्या दुकानापुढचं अतिक्रमण काढा, असा अर्ज नगरपालिकेला कोण देत आलंय? हीच असोसिएशन. काल ज्याने आत्याची पाटी उचलायला गाडी बोलावली तो आज म्हणतो स्थानिक रोजगार वाचवा. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. शहर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे, त्यात एक तृतीयांश बाया, आणि दलित-आदिवासींनाही प्रतिनिधित्व, असं त्यात लिहिलंय. तुमच्या गावात ही समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? मोर्चाला जायच्या आधी एवढी चौकशी करा.

काही जण तिसरी वाट सांगतात. आपणच भांडवलदार होऊ. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर निघाली. २०१२ च्या खरेदी धोरणात दलित-आदिवासींच्या छोट्या उद्योगांकडून ४ टक्के सरकारी खरेदीचं कलम आलं, २०१६ साली स्टँड-अप इंडिया कर्जयोजना आली. मी या वाटेला शिव्या देत नाही. ज्याला गाळा घ्यायचाय त्याने गाळा घ्यावा, ताठ मानेने पाटीवर आपलं आडनाव लिहावं, आणि लोकांनी तिथं जेवावं. अजून आपल्या खानावळवाल्याला साईकृपा नाहीतर जय मल्हार असं नाव देऊन जात झाकावी लागते, हे जळजळीत सत्य आहे. पण दहा गाळेवाले झाले म्हणून दहा हजार हमाल सुटत नाहीत. मनमाडला १९३८ साली रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाला मारायला दुसऱ्याचा बंदूकवाला होऊ नका, हा त्याचा अर्थ. असोसिएशनकडे उभं राहिलो तर पहिल्याचा, कंपनीकडे उभं राहिलो तर दुसऱ्याचा.

मग करायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. दोघांपुढेही आपला कागद ठेवायचा.

असोसिएशनला म्हणा, मोर्चाला येऊ, पण फुकट नाही. बापाने फुकट पाठ दिली, आम्ही फुकट गळा देणार नाही. दुकानातल्या पोऱ्यांना सरकारने ठरवलेलं किमान वेतन, हजेरीपट, आठवड्याची सुट्टी द्या. राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्याने दहापेक्षा कमी नोकरांची दुकानं नोंदणीतून सोडली, किमान वेतनातून सोडलेली नाहीत. भुसार लाईनीतले हमाल माथाडी मंडळात नोंदवा. नगरपालिकेच्या गाळ्यांच्या लिलावात आमच्या पोरांविरुद्ध संगनमत करून बोली चढवणं बंद करा. पाटीवालीविरुद्धचे अर्ज मागे घ्या. आणि लेखी द्या, की कुठल्याही गावात कुठल्याही भांडणात आमच्या वस्तीचा किराणा बंद होणार नाही. शंभर वर्षं होत आली महाडला. एवढी एक सही द्यायला तुमचा हात थरथरत असेल, तर तुमचा लढा मॉलविरुद्ध नाही, तुमच्या जुन्या मक्तेदारीसाठी आहे.

कंपनीला म्हणा, जमीन आमच्या तालुक्याची, रस्ता-पाणी-वीज सरकारची, मग नोकरी ठेकेदाराची का? काउंटरपासून मॅनेजरपर्यंत आमचा वाटा किती, ते जाहीर करा. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय २००४ च्या केंद्राच्या किमान समान कार्यक्रमात आला आणि उद्योगपतींनी स्वेच्छेच्या आचारसंहितेत तो गुंडाळून ठेवला. स्वेच्छेने कुणी तळं उघडलं होतं का? वितरण गोदामात चढ-उतार करणारा हमाल आहे, त्याला हेल्पर म्हणून माथाडी कायद्यातून पळवाट काढू नका. भाव छापता तसा प्रत्येक कामगाराचा पगारही भिंतीवर छापा.

आणि स्वतःला म्हणा, की गिऱ्हाईक ही सुद्धा एक ताकद आहे. बहिष्कार हे हत्यार आमच्यावर चालवलं गेलं, त्याची धार आम्हाला ठाऊक आहे. वस्तीतल्या बायांचे बचतगट महिन्याचा किराणा एकत्र ठोकात घेऊ शकतात. सहकारी भांडार ही कल्पना जुनी आहे, धुळीत पडलीय, पण मेलेली नाही. १९४७ सालच्या त्याच मसुद्यात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग, विमा, शेती सरकारच्या मालकीची मागितली होती. एवढं मोठं स्वप्न बघणाऱ्या बापाची लेकरं आपण, निदान तेल-तांदळाचं एक दुकान तरी सामुदायिक चालवून दाखवू.

बाजार वाचवायचा की नाही, हा आपला प्रश्न नाही. जो बाजार आहे तो कधी आपला नव्हता, जो येतोय तोही आपला नाही. आपला प्रश्न हा, की त्यांच्या या हाणामारीत आपण कुणाच्या तरी पोत्याखाली वाकलेलं दिसायचं, की ताठ उभं राहून वजनकाटा मागायचा. काटा मागा दोस्तांनो. खरा काटा. आणि पहिल्यांदा त्यावर आपलं शंभर वर्षांचं देणं ठेवून बघा, पारडं कुठं जातंय ते.